घरचा साडेसातचा खेळ

आमच्या घरी पहिल्या शनिवारी सिनेमा लागलाच नाही. पॉपकॉर्न झाले, सतरंजी अंथरली, दिवे मालवले आणि मग आम्ही पाच माणसं चाळीस मिनिटं रिमोटने पोस्टरं सरकवत बसलो. "हा नको, मारामारी असेल." "हा मी पाहिलाय." "आधी ट्रेलर तर बघू." सव्वाआठला धाकटा झोपला, सासूबाई "तुमचं चालू द्या" म्हणत आत गेल्या आणि थोरलीने मोबाइलवर स्वतःचं काहीतरी लावलं. नवरा आणि मी उरलेले पॉपकॉर्न खात बातम्या पाहिल्या.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये महिन्यातून दोन शनिवार संध्याकाळी साडेसातचा खेळ असतो आणि तो सहसा चुकत नाही. घरी अशी सुरुवात करू पाहणाऱ्यांना दोनच गोष्टी आधी सांगते, बाकीचं त्यांच्याभोवती जुळतं. सिनेमा शनिवारी निवडायचा नाही. आणि चित्रावर पैसे घालण्याआधी आवाजाकडे बघायचं.

वार आणि वेळ

सासूबाई चाळीत राहिलेल्या. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण त्यांच्या मजल्यावर टीव्ही आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तोही एकाच घरात. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि उशिरा येणाऱ्याला उंबऱ्यावर बसावं लागायचं. काय लागणार हे प्रेक्षकांच्या हातात नव्हतं, म्हणून वाद नव्हता. वेळ ठरलेली होती, म्हणून कुकर आधी लागायचा. त्यातली पहिली सोय आता मिळणार नाही, दुसरी मात्र आपण करू शकतो.

वार पक्का करा आणि वेळ घड्याळात बसवा. साडेसात म्हणजे साडेसात. घरात लहान मूल असेल तर दहाच्या आत संपेल असाच सिनेमा घ्या, म्हणजे मध्यंतर धरून सव्वादोन तास. सात-आठ वर्षांखालच्यांसाठी दीड तास पुष्कळ झाला. दर आठवड्याचा हट्ट सुरुवातीलाच धरू नका. लग्नं, परीक्षा, पाहुणे यांत दोन शनिवार बुडाले की सगळंच बारगळतं. आम्ही पहिला आणि तिसरा शनिवार धरला. आमच्याकडे सासूबाईंचा शनिवारचा उपास असतो. दिवेलागणीला तो सुटला की खेळ, असा क्रम आपोआप बसला.

पाळी

"आज काय बघायचं?" हा प्रश्न पाच जणांना एकदम विचारला की उत्तर येत नाही, भांडण येतं. म्हणून पाळी लावा. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या त्या शनिवारच्या चौकटीत एकाचं नाव लिहून टाका. ज्याची पाळी, त्याचा शब्द. त्याने गुरुवारी रात्रीपर्यंत नाव सांगायचं. न सांगितल्यास पाळी पुढच्याकडे.

बाकीच्यांना नकाराचा हक्क हवा, पण मोजका. आमच्याकडे प्रत्येकाला तीन महिन्यांतून एक नकार मिळतो. नवऱ्याने तो जानेवारीतच वापरून टाकला आणि मार्चपर्यंत बोलणाऱ्या प्राण्यांचे तीन सिनेमे निमूटपणे पाहिले.

लहान मुलांना अख्खं जग मोकळं देऊ नका. तुम्हीच तीन नावं काढा, त्यांतलं एक त्यांना निवडू द्या. निवडल्याचा आनंद तेवढाच होतो. वडीलधाऱ्यांची अडचण उलटी असते. सासूबाई पहिल्या तीन पाळ्यांना "तुम्हीच ठरवा गं" म्हणाल्या. ती नम्रता नव्हती, नावंच आठवत नव्हती. मग मी प्रश्न बदलला, "लग्नाआधी थिएटरात काय पाहिलं होतंत?" त्यावर त्या अर्धा तास बोलल्या. कोणत्या मैत्रिणीबरोबर, कोणत्या टॉकीजला, घरी काय सांगून. त्या एका संध्याकाळीत पुढच्या चार पाळ्यांची सोय झाली.

गुरुवारची तालीम

नाव कळलं की दहा मिनिटं काढून हे बघा: सिनेमा तुमच्याकडच्या सेवेवर खरंच आहे का, की वेगळं भाडं मागतोय? सुरुवात, मधला भाग आणि शेवट अर्धा-अर्धा मिनिट चालवून पाहा. यूट्यूबवरच्या जुन्या मराठी सिनेमांच्या काही प्रती इतक्या पुसट असतात की माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. काहींचे शेवटचे तुकडेच गायब असतात. एकाच सिनेमाच्या चार प्रती असतील तर चारही उघडा, चांगली सापडते.

प्रमाणपत्र बघा. चित्रपटगृहासाठीच्या प्रमाणपत्रात नोव्हेंबर 2024 पासून यू/एचे तीन भाग झाले आहेत: 7+, 13+ आणि 16+. स्ट्रीमिंगवर अशी वयाची विभागणी 2021 च्या नियमांपासून आहे. जुन्या सिनेमावर नुसतं यू/ए असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, एखादं परीक्षण वाचा. आणि वयाचा आकडा सगळं सांगत नाही हेही लक्षात असू द्या. मारामारी आमचा धाकटा हसत बघतो, पण पडद्यावर कुणाची आई आजारी पडली की तो उठून माझ्या मांडीवर येतो.

डाउनलोड होत असेल तर गुरुवारीच करून ठेवा. एचडी चित्राला साधारण 5 एमबीपीएसचा वेग पुरतो, पण शनिवारी रात्री अख्खी इमारत काही ना काही बघत असते. वीज जाणाऱ्या गावात असाल तर टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. टीव्ही चालू आणि वायफाय बंद हा अनुभव एकदा घेतला की दुसऱ्यांदा विसरायला होत नाही.

पहिले चार सिनेमे

सुरुवातीच्या चार खेळांत घरातल्या सगळ्यांना काहीतरी मिळायला हवं, नाहीतर पाचवा होत नाही. माझी यादी अशी होती, तुमची वेगळी असू दे.

पहिला "एलिझाबेथ एकादशी", 2014 चा. पंढरपूरची गोष्ट, एलिझाबेथ हे सायकलचं नाव, आणि यात्रेत मुलांनी घातलेला बांगड्यांचा धंदा. दीड तासाच्या आसपास संपतो. सात वर्षांचं मूल आणि सत्तरीची आजी एकाच ठिकाणी हसतात, असे सिनेमे फार नाहीत. दुसरा "हरिश्चंद्राची फॅक्टरी", 2009 चा, दिग्दर्शक तोच, परेश मोकाशी. दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" कसा बनवला, घरातली भांडीकुंडी विकण्यापासून तारामतीची भूमिका पुरुषाकडून करवून घेण्यापर्यंत, त्याची ही हलकीफुलकी हकिकत. तो मूळ मूकपट 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याचे जेवढे भाग उरले आहेत ते नंतर मुलांना दाखवा. आधी दाखवलेत तर ती पाच मिनिटांत उठतील, नंतर दाखवलेत तर माणसं ओळखीची वाटतात.

तिसरा आजीचा: प्रभातचा "संत तुकाराम", 1936. सुरुवातीला तुतारी फुंकणारी बाई दिसली की सासूबाई सरसावून बसतात. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, पण मुलांना खिळवतात ते त्यातले चमत्कार आणि तुकोबांवर वैतागणारी आवली. दोन तासांवर आहे, त्यामुळे लहानांसाठी दोन शनिवारांत वाटला तरी चालेल. चौथा ज्याचा त्याचा.

"अशी ही बनवाबनवी" मात्र पहिल्या चारांत ठेवू नका. माझं हे म्हणणं घरात कुणालाच मान्य नाही. पण 1988 पासून तो सगळ्यांना पाठ आहे. नटाच्या आधी मामा वाक्य म्हणतो, मामाच्या आधी काका, आणि ज्या मुलांनी तो कधीच पाहिला नाही त्यांना एक शब्द ऐकू येत नाही. घडी बसली की दहावा-बारावा लावा, पाहुणे बोलावून.

खोली आणि टीव्ही

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. टीव्हीपासूनचं अंतर त्याच्या कर्णाच्या दीडपट ठेवा: 43 इंचीला साडेपाच फूट, 55 इंचीला सात. आपल्याकडे सोफा बहुतेक समोरच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे खूपच लांब. त्या दिवसापुरता पुढे ओढा, किंवा गाद्या जमिनीवर घाला. खोली काळीकुट्ट करू नका, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असला की डोळ्यांना बरं पडतं आणि पाण्याला उठणारा कुणाच्या पायावर पडत नाही.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी बदला. दुकानात टीव्ही झगझगीत दिसावा म्हणून ठेवलेला विव्हिड मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय, जिला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, ती बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि मग कोणताही सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

जुन्या सिनेमाचं चित्र जवळपास चौकोनी असतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या येऊ द्या. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस बुटके दिसतात, आणि झूम केलं की पगडी कापली जाते.

आवाज

सासूबाई पहिले दोन-तीन सिनेमे पाहता पाहता झोपल्या. आम्ही समजलो, वय झालं. नंतर एकदा जेवताना त्यांनी सहज सांगितलं, "ऐकू आलं तर जागी राहीन ना." त्यांना आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मोठा केला की गाणी कानठळ्या बसवायची, लहान केला की संवाद गायब.

कारण साधं आहे. पातळ टीव्हीत स्पीकरना जागा नसते, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. शिवाय अलीकडच्या सिनेमांचा आवाज सहा वाटांनी येईल असा केलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेने येतात. टीव्हीकडे वाटा दोनच. सगळं त्यांत कोंबलं की संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात.

पैसे खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करा. सिनेमाच्या ऑडिओच्या पर्यायांत 5.1 (म्हणजे त्या सहा वाटा) ऐवजी स्टीरिओ (दोन वाटा) असेल तर तो निवडा. टीव्हीच्या आवाजात संवाद उठावदार करणारा किंवा नाईट नावाचा मोड असतो, नाईट मोडने मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी होतो. पंखा एक नंबरवर आणा, आमच्याकडे अर्धे संवाद पंखाच खात होता. फरशी उघडी आणि भिंती मोकळ्या असतील तर आवाज घुमतो. जाड पडदे ओढा, सतरंजीवर गोधड्या टाका. गोधडीचा आणि सिनेमाचा संबंध मला आधी कुणी सांगितला असता तर मी हसले असते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मध्ये मानाच्या जागी नका बसवू, पुढे बसवा, बरा कान टीव्हीकडे करून. श्रवणयंत्र असेल तर ते ब्लूटूथवर टीव्हीला जोडता येतं का हे ते बसवून देणाऱ्याला विचारा. पुष्कळ नव्या यंत्रांत ती सोय असते आणि घरात कुणाला माहीत नसते.

एवढं करून भागलं नाही तर साउंडबार घ्या. त्यात संवादासाठी मधला वेगळा स्पीकर आहे का, हेच विचारा. धडधडणारा सबवूफर खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू येतो, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. जोडताना टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी लिहिलंय तिथेच जोडा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो.

सबटायटल असतील तर निःसंकोच लावा. मराठी सिनेमाला ती बहुधा इंग्रजीत असतात, आजीला त्यांचा उपयोग नाही. पण थोरली त्यांतल्या चुका काढत बसते आणि त्या नादात अख्खा सिनेमा पाहते.

प्रोजेक्टर घ्यावा का?

पहिल्या सहा महिन्यांत नको. आम्ही घेतला, स्वस्तातला, ऑनलाइन. खोक्यावर ल्यूमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा अवाढव्य होता, चित्र मात्र चिमणीच्या उजेडात पाहिल्यासारखं. ल्यूमेनच्या मागे एएनएसआय, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजल्याची खूण, लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचूच नका. घ्यायचाच असेल तर खोली मोजा. 100 इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट असते. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब तो ठेवायचा ते, 1.2 असेल तर त्याला भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर ठेवावं लागतं, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पांढऱ्या चादरीला सुरकुत्या पडतात आणि निम्मा उजेड आरपार जातो, त्यापेक्षा पांढरी भिंत बरी.

गच्चीवर सोसायटीला दाखवण्याची हौस प्रोजेक्टर आला की हमखास येते. घरच्या घरी बघणं वेगळं, चारचौघांत जाहीर खेळ लावणं वेगळं. त्यासाठी सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी.

खाणं

नियम एकच: अंधारात, एका हाताने, आवाज न करता. कुरकुरीत चकली या परीक्षेत नापास. भेळ करायला सोपी, पण दहा मिनिटांत मऊ पडते आणि सतरंजीवर सांडते. भडंग वाट्यांमध्ये वाटून दिला तर चालतो, परातीत मध्ये ठेवला की हातांची लढाई होते. पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा उत्तम, टरफलांसाठी वेगळं पातेलं ठेवा.

पॉपकॉर्नसाठी पाकिटं नकोत. किराणा दुकानात त्याचे सुटे दाणे मिळतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात आधी तीनच दाणे. ते फुटले की तळ झाकेल एवढे दाणे टाका, झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे वाफ निघून जाते आणि लाह्या चामट होत नाहीत. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की गॅस बंद. मीठ शेवटी, हळदीबरोबर.

जेवण मध्यंतराला किंवा आधी, सिनेमा चालू असताना नाही. मसालेभात किंवा खिचडी, एका वाडग्यात मावेल असं काहीतरी. त्या दिवशी पोळ्या लाटायच्या नाहीत, हे मी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं. करणारी बाई स्वयंपाकघरात आणि बाकीचे सिनेमात, असं होणार असेल तर तो घरचा खेळ कसला?

खेळ चालू असताना

आपल्या सिनेमांत मध्यंतर लिहिलेलं असतं, पाटी कापलेली असली तरी गोष्टीला बसलेला झटका कळतो. तिथे थांबा, दहा मिनिटं. बाहेरच्या सिनेमांत ते नसतं, निम्म्याच्या आसपास एखादा प्रसंग संपला की थांबवा. मध्येमध्ये थांबवणं मात्र बंद. फोन आला तर ज्याचा त्याने उठून जायचं, सिनेमा चालू राहील.

फोन एका टोपलीत ठेवा. मोठ्यांचेही. आमच्याकडे नियम मोडणारा नेहमी मोठ्यांपैकीच असतो. लहानांचे प्रश्न थांबवू नका, कानात कुजबुजत उत्तर द्या. आणि ज्याने सिनेमा आधी पाहिलाय त्याने बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसायचं नाही, त्यावरून सगळं फुटतं.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. आमच्या साडेसातला तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. महिन्यातला एक खेळ आम्ही जोडीने करतो. तिथे तोच सिनेमा मिळतो का हे आधी बघावं लागतं, कारण स्ट्रीमिंगची यादी देशागणिक वेगळी असते. मग व्हिडिओ कॉलवर "एक, दोन, तीन" म्हणून दोन्ही घरी एकदम सुरू करायचं आणि दोन्हीकडचे माइक बंद, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. मध्यंतराला माइक उघडायचे. तिची मुलं दूध-सीरियल खात असतात, आमची खिचडी.

वही

सिनेमा संपला की लगेच "कसा वाटला?" विचारू नका. शाळेसारखं वाटतं. दिवे लावा, वाट्या गोळा करा, बोलणं आपोआप निघतं. आम्ही एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, सिनेमा, पाळी कुणाची, प्रत्येकाचे दहापैकी गुण आणि हवं तर एक ओळ. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं. गुणांवरून वाद झाला तरी आकडा बदलायचा नाही. थोरलीची शेरेबाजी दिवसेंदिवस बोचरी होत चालली आहे. नवऱ्याने बोलणाऱ्या प्राण्यांना सलग तीनदा चार गुण दिले आहेत.

धाकट्याला गेल्या वर्षी लिहिता यायला लागलं. "संत तुकाराम" दुसऱ्यांदा लावला होता, साउंडबार आल्यानंतर. त्या पानावर त्याच्या अक्षरात एवढंच आहे: "आजी झोपली नाही. 10."